'स्वतः' या शब्दाचा शोध : तीन स्त्री-आत्मचरित्रांतील मूल्य आणि आचरण

१

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९३८ मध्ये 'हिमसेल्फ' या नावाने प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'चा (१९३४ पासून चार भागांत) अनुवाद १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाला. पहिल्या शीर्षकाचा अर्थ 'ते स्वतः' असा होतो. दुसऱ्याचा, 'मी मागून जाते' असा. मूळ मराठी शीर्षकांत यांपैकी काहीही नाही. एका शीर्षकात दोघांना सामावणारे 'आमच्या' हे सर्वनाम आहे, तर दुसऱ्यात पतीचा उल्लेखही नाही. तरीही अनुवादकांनी निवडलेली नावे अगदीच निराधार म्हणता येत नाहीत. मराठी समीक्षेनेही दीर्घकाळ या पुस्तकांचे वाचन जवळजवळ याच दिशेने केले आहे. थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेले पतीचे चरित्र, आणि त्याच्या आधाराने मिळणारे एकोणिसाव्या शतकातील घरगुती जीवनाचे दर्शन, असे त्यांचे दुहेरी मोल मानले गेले. निवेदनातील सहजता, बोलीचा गोडवा आणि विनोदबुद्धी यांची वाखाणणी भरपूर झाली. या पुस्तकांत एक गंभीर नैतिक प्रश्न उभा आहे, याची दखल मात्र त्या मानाने कमी घेतली गेली.

हा प्रश्न असा मांडता येईल : आपल्या मूल्यांनुसार जगायचे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यातील 'आपल्या' या शब्दाचा अर्थ काय? ज्या स्त्रीला अकराव्या वर्षी पतीचे घर मिळाले आणि त्या घराबरोबर पतीची मतेही मिळाली, तिची स्वतःची अशी मूल्ये कोणती? सुधारक पतीच्या सांगण्यावरून शिकणारी पत्नी आणि सनातनी सासूच्या सांगण्यावरून सोवळे पाळणारी सून, या दोघींमध्ये आज्ञाधारकतेच्या दृष्टीने फरक कोणता? प्रस्तुत लेखात रमाबाई रानडे, आनंदीबाई कर्वे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मकथनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. तिघींच्या पतींनी आपापल्या मूल्यांसाठी समाजाचा रोष ओढवून घेतला, ही तिन्ही पुस्तकांची समान पार्श्वभूमी होय. त्या रोषाची झळ घरात कोणाला आणि कशी लागली, हे सांगण्याचे काम मात्र या तिघींनी केले.

२

'अस्सल जगणे' ही कल्पना मराठी समीक्षेत मुख्यतः १९६० नंतर, अस्तित्ववादाच्या परिचयातून रुजली. सार्त्रने १९४३ च्या आपल्या ग्रंथात आत्मवंचनेचे जे विश्लेषण केले, त्याचा आधार घेऊन नवकथेची आणि नव्या कादंबरीची चर्चा झाली. 'कोसला' (१९६३) या कादंबरीच्या वाचनाने या चर्चेला मराठी मातीतला नायक मिळवून दिला. घर, गाव, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांनी दिलेल्या भूमिका नाकारणारा तरुण पुरुष, हे अस्सलपणाचे जवळजवळ प्रमाणरूप ठरले. या प्रतिमानात नकार हा केंद्रस्थानी असतो. मात्र नकार देण्यासाठी, निघून जाण्यासाठी, निदान काही काळ रिकामे बसण्यासाठी जी मोकळीक लागते, ती या प्रतिमानात गृहीत धरलेली असते. एकोणिसाव्या शतकातील विवाहितेला ती मोकळीक नव्हती. म्हणून या प्रतिमानाच्या पट्टीने ही आत्मचरित्रे मोजू गेल्यास ती केवळ आज्ञापालनाची वृत्ते वाटू लागतात.

मराठी भाषेत याहून जुनी आणि या सामग्रीला अधिक जवळची अशी शब्दसंपत्ती आहे. ब्रीद, बाणा, व्रत आणि निष्ठा हे चार शब्द एकमेकांच्या जवळचे असले तरी समानार्थी नाहीत. ब्रीद हे लोकांसमोर मिरवले जाते. व्रत संकल्पपूर्वक घेतले जाते आणि त्याला ठरलेला विधी व काळ असतो. निष्ठा ही कोणावर तरी किंवा कशावर तरी असते. बाण्याची गोष्ट काहीशी वेगळी आहे. या शब्दाशेजारी मराठीत 'अंगी बाणणे' हा प्रयोग आहे. एखादी गोष्ट सांगितली जाते, पटते, पाळली जाते, आणि बऱ्याच काळानंतर ती अंगी बाणते. 'बाणणे' हे क्रियापद अकर्मक आहे, ही बाबही अर्थपूर्ण आहे. व्रत 'घेता' येते. गुण मात्र आपोआप 'बाणतो', तो बाणवून घ्यायचा तर दीर्घ सवय लागते. या प्रयोगात मूल्याच्या स्वत्वाची एक कसोटी दडलेली आहे. मूल्य कोठून आले, यापेक्षा ते कोणत्या वाटेने अंगी बाणले, हे पाहणे तीत महत्त्वाचे ठरते. दुसऱ्याकडून मिळालेले मूल्यही आपले होऊ शकते. परंतु ते मिळणे आणि बाणणे यांच्या दरम्यान संशयाचा, प्रतिकाराचा आणि परीक्षेचा एक काळ जावा लागतो. हा मधला काळ ज्या निवेदनात दिसतो, त्या निवेदनात 'स्व'ची घडण वाचता येते. तिन्ही पुस्तकांत तो कमीअधिक प्रमाणात दिसतो, पण त्याचे स्वरूप निरनिराळे आहे.

३

रमाबाईंचा विवाह डिसेंबर १८७३ मध्ये झाला. त्या वेळी त्यांचे वय अकरा वर्षांचे होते आणि न्यायमूर्ती रानडे एकतीस वर्षांचे. या विवाहाच्या आरंभीच मूल्य आणि आचरण यांतील विसंगती आहे. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता विधवेशी विवाह करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे रानड्यांनी ती पूर्ण केली नाही. म्हणजेच रमाबाईंच्या संसाराचा पाया पतीच्या एका तत्त्वच्युतीवर उभा होता. पुढे त्याच पतीने पत्नीला शिकवून आपली सुधारणा घरात आणली. दिवसा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कलाने वागावयाचे आणि रात्री पतीकडे धडे घ्यावयाचे, अशा दुहेरी शिस्तीत रमाबाई वाढल्या. इंग्रजी शिकल्याबद्दल आणि जाहीर प्रसंगी इंग्रजीतून वाचन केल्याबद्दल त्यांना घरातील स्त्रियांचे बोल सोसावे लागले. ती टोचणी त्यांनी कडवटपणा न येऊ देता, पण तपशिलाने नोंदवली आहे.

पतीचे नाव उच्चारू नये, या रिवाजाप्रमाणे त्या रानड्यांचा निर्देश 'स्वतः' अशा अप्रत्यक्ष शब्दाने करतात. इंग्रजी अनुवादाच्या नावाचे मूळ येथे आहे. रिवाज म्हणून ही बाब सामान्य असली, तरी आत्मचरित्रात तिचा परिणाम विलक्षण होतो. जो शब्द कोणत्याही निवेदकाला आपल्यासाठी सर्वांत आधी लागतो, तो येथे दुसऱ्याला दिला गेला आहे. 'स्वतः' म्हणजे पती. निवेदिकेसाठी फक्त 'मी' शिल्लक राहतो, आणि तोही बहुधा 'स्वतः'च्या संदर्भातच बोलतो. या पुस्तकाला पतिचरित्र म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट पुरावा हाच होय.

तरीही याच पुस्तकात एक ठिकाणी निवेदिका आणि 'स्वतः' यांच्यात फट पडते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे प्रकरण उद्भवले, त्यात अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ज्यांना बहिष्कारामुळे अडचण सोसावी लागत होती, अशा स्नेह्यांसाठी त्यांनी ही माघार पत्करली. सुधारकांच्या वर्तुळात त्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त झाली, आणि आज त्या निर्णयाचा विचार सहसा सार्वजनिक राजकारणाच्या संदर्भातच होतो. रमाबाईंच्या निवेदनात मात्र त्याला घरगुती बाजू आहे. आपल्याला हे रुचले नाही, हे त्या लपवीत नाहीत. नंतर पतीची शांत वृत्ती पाहून, स्नेह्यांसाठी कमीपणा पत्करण्यामागील भूमिका ऐकून त्यांचा राग निवळतो. पण राग आला होता, ही नोंद तशीच राहते.

या नोंदीचे महत्त्व केवळ भावनिक नाही. पतीनेच शिकवलेल्या मूल्याच्या आधारे येथे पत्नी पतीच्या कृतीची पारख करते. ज्या क्षणी हे घडते, त्या क्षणी ते मूल्य पतीचे राहत नाही. गुरूची कृती ज्या मापाने मोजावी, ते माप शिष्याच्या हाती आले, याची ती खूण आहे. रमाबाई पुढे माघार घेतात हे खरे. परंतु त्या माघारीतही एका मूल्याविरुद्ध दुसरे मूल्य उभे केले जाते. तत्त्वाशी एकनिष्ठ राहावे की आपल्यामुळे अडचणीत आलेल्या माणसांशी, असा तो पेच आहे. रानड्यांनी स्वतःपुरता तो सोडवला. रमाबाईंनी वाचकासाठी तो खुला ठेवला.

पुस्तक १९०१ मधील रानड्यांच्या निधनापाशी संपते. त्यानंतर रमाबाई १९२४ पर्यंत हयात होत्या आणि १९०९ पासूनचे पुण्याच्या सेवासदनाचे कार्य हे त्यांच्या कर्तृत्वाचे प्रमुख क्षेत्र होते. पुस्तकाच्या प्रकाशनसमयी ते कार्य सुरू झालेले होते. परंतु निवेदनाला त्याची गरज वाटत नाही. मूल्य अंगी बाणले आणि त्यातून स्वतंत्र आचरण सुरू झाले, नेमका तोच भाग 'आठवणी'च्या बाहेर राहिला आहे. 'स्वतः' गेल्यावर 'मी'ने काय केले, हे शोधण्यासाठी वाचकाला पुस्तक मिटून संस्थेच्या इतिहासाकडे जावे लागते.

४

आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणी वैधव्य आलेल्या गोदूबाई जोशी १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरूड गावाने या विवाहाबद्दल कर्वे कुटुंबाला बहिष्काराचा धाक घातला, ही हकीकत सुपरिचित आहे. कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'तही (१९१५) ती आली आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे एकाच जीवनाचे दोन हिशेब समोर येतात. एका हिशेबात ध्येयाची जमा आहे, दुसऱ्यात घरखर्चाची नावे.

या दुसऱ्या हिशेबातील दोन बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली पैशाची. कर्वे आपली मिळकत आणि बचत आश्रमाला देत गेले. विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी आश्रमाच्या नावे केली. आनंदीबाईंना हे सहजासहजी मान्य झाले नाही. ज्या स्त्रीने वैधव्यातील परावलंबन वर्षानुवर्षे भोगले होते, तिला मुलांच्या भवितव्याची चिंता वाटणे हा स्वार्थ नव्हे. तो अनुभवातून आलेला मूल्यविवेक होता. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि उद्या आपण पुन्हा विधवा झालो तर आपले काय, असा प्रश्न त्यांच्याच पत्नीपुढे उभा राहिला. ध्येयवादी चरित्रलेखनात अशा प्रश्नाला सहसा क्षुद्र ठरवले जाते. आनंदीबाई तो सरळ मांडतात.

दुसरी बाब अधिक बोचरी आहे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाल्यावर कर्व्यांनी विधवांचे शिक्षण आणि विधवांचा पुनर्विवाह ही दोन कार्ये धोरण म्हणून वेगळी ठेवली. सनातनी घरांनी आपल्या मुली आश्रमात पाठवाव्यात, यासाठी ते आवश्यक वाटले. परिणामी ज्या स्त्रीशी पुनर्विवाह करून कर्व्यांनी आपले तत्त्व आचरणात आणले, त्याच स्त्रीला पुनर्विवाहिता म्हणून आश्रमापासून अंतर राखावे लागले. तत्त्वाच्या यशासाठी तत्त्वाच्याच साक्षात उदाहरणाला दाराबाहेर उभे करण्याचा हा प्रसंग आहे. संस्थेच्या दृष्टीने तो कदाचित शहाणपणाचा निर्णय होता, आणि त्यामुळे अनेक विधवांना शिक्षण मिळाले, हेही नाकारता येत नाही. परंतु व्यक्तीच्या सचोटीचा विचार संस्थेच्या यशाने संपत नाही, ही जाणीव 'माझे पुराण'च्या वाचनातून तीव्रतेने होते.

आनंदीबाईंची प्रतिक्रिया मात्र अबोल्याची किंवा त्यागाच्या गौरवाची नाही. त्या कुरकुरतात, भांडतात, आणि कामाला लागतात. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी स्वतःच्या मिळकतीचा मार्ग शोधला. ज्या आश्रमाने त्यांना अंतरावर ठेवले, त्याच आश्रमासाठी त्यांनी पुढे वर्गण्याही गोळा केल्या. तक्रार आणि बांधिलकी या दोन गोष्टी त्यांच्या निवेदनात शेजारी शेजारी नांदतात. पतीचे ध्येय त्यांना मान्य आहे. ते ज्या पद्धतीने अमलात येते, ती पद्धत मान्य नाही. हा भेद करता येणे म्हणजेच मूल्य परीक्षेतून जाणे होय. रमाबाईंच्या पुस्तकात ही परीक्षा एका प्रसंगापुरती उघड होते. आनंदीबाईंच्या पुस्तकात ती संसाराचा नित्यक्रम बनते.

५

'स्मृतिचित्रे'मध्ये हा मधला काळ, मूल्य मिळणे आणि बाणणे यांमधील अवकाश, सर्वाधिक विस्ताराने आला आहे. त्यामुळे या पुस्तकापाशी थोडे अधिक थांबणे भाग आहे.

पुस्तकाची सुरुवातच सोवळ्याच्या कथेने होते. १८५७ च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या घटनेचा धक्का बसून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेल्या जिनसा धुऊन घेण्यापर्यंत गेलेल्या या वेडाचे चित्रण हास्यकारक आहे आणि भयंकरही आहे. मुलांचे बालपण त्याखाली दडपून गेले. वाचकाला ही आरंभीची चित्रे केवळ गमतीदार वाटण्याचा संभव आहे. परंतु पुस्तकाच्या रचनेत त्यांचे कार्य निश्चित आहे. निवेदिकेला शिवाशीव ही कल्पना म्हणून मिळालेली नसून ती शरीराची सवय म्हणून मिळाली आहे. पुढे ती सुटायची झाली, तर वादविवादाने सुटणार नाही, हे येथेच ठरून जाते.

विवाहानंतर त्यांच्या वाट्याला आलेले नारायण वामन टिळक म्हणजे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे गृहस्थ. कवी, लहरी, कोपिष्ट, उदार, एका नोकरीत न टिकणारे, आणि जे पटले ते तत्काळ करणारे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका मिशनऱ्याशी पडलेल्या गाठीतून त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्माचा विचार सुरू झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विचार आणि कृती यांत अंतर न ठेवणारा माणूस म्हणून टिळकांकडे पाहिले तर ते अस्सल जगण्याचे उदाहरण ठरतात. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही याच वृत्तीने सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. ब्राह्मण समाजाची चौकट त्यांनी ज्या कारणासाठी मोडली, त्याच कारणासाठी मिशनची चौकटही मोडली. या सुसंगतीबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु १८९५ मधील निर्णय टिळकांनी घेतला आणि त्याची परिणती लक्ष्मीबाईंना भोगावी लागली. पती जिवंत असून संसार उरला नाही, अशा अवस्थेत त्या लहानग्या मुलाला घेऊन पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. शोक, अपमान, वेड लागण्याइतकी अस्वस्थता यांची नोंद त्या करतात. याच काळात त्या कविता रचू लागल्या, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. एकाच्या अंतःप्रामाण्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, या वस्तुस्थितीवर त्या भाष्य करीत नाहीत. त्या फक्त दिवस कसे गेले ते सांगतात, आणि त्या सांगण्याने टिळकांच्या निर्णयाची दुसरी बाजू आपोआप उजेडात येते.

काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या. येथे 'मागून जाते' या अनुवादकीय शीर्षकाचा खरा कस लागतो. त्या आल्या, पण सोवळ्यासह आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे, पतीच्या हातचे न खाण्याचा नेम कायम. पतिव्रताधर्म सांगतो की पतीच्या मागे जावे. जातिधर्म सांगतो की बाटलेल्याच्या पंक्तीस बसू नये. दोन्ही परंपरेनेच दिलेले आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळायचे तर एका घरात दोन स्वयंपाकघरे मांडावी लागतात. लक्ष्मीबाईंनी तशी ती मांडली. केवळ अनुसरणच करायचे असते, तर पहिल्याच दिवशी बाप्तिस्मा घेऊन प्रश्न मिटला असता. टिळकांनीही सक्ती केली नाही. श्रद्धेच्या बाबतीत पत्नीने आपल्या वेळेने आपला निर्णय घ्यावा, हे त्यांनी पाळले. तापट स्वभावाच्या या माणसाचा हा संयम 'स्मृतिचित्रे'ने अप्रत्यक्षपणे केलेला त्यांचा सर्वांत मोठा गौरव आहे.

यानंतरचा टप्पा पुस्तकाच्या नैतिक रचनेचा कणा होय. लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम जात गेली, धर्म नंतर बदलला. जात ही ईश्वराने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हा विचार त्यांच्या मनात स्वतंत्रपणे, कोणाच्याही उपदेशाशिवाय, एका विशिष्ट वेळी स्पष्ट झाला, आणि त्याबरोबर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय झाला. या क्रमाला फार महत्त्व आहे. धर्मांतराचा परिणाम म्हणून जातिभेद सुटला असता, तर ते नव्या समुदायाच्या नियमाचे पालन ठरले असते. येथे त्या अजून जुन्याच समुदायात आहेत, आणि त्या समुदायाचा सर्वांत कडक नियम त्या स्वतःच्या विचाराने रद्द करतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. टिळकांच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या, तेव्हा तो निर्णय पतीच्या निर्णयाची प्रत राहिला नव्हता. टिळकांना जे वैचारिक शोधातून मिळाले, ते लक्ष्मीबाईंना चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी मिळाले. पुस्तकाच्या आरंभीचे वडिलांचे सोवळे आणि येथील निश्चय यांचा सांधा जुळतो तो याच कारणाने. शरीराच्या सवयीने जे आत शिरले होते, ते शरीराच्या आचरणानेच बाहेर गेले.

यापुढील चित्रांतून हे मूल्य खरोखर अंगी बाणले असल्याची साक्ष मिळत राहते. अनाथ मुले घरात वाढवणे, प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा करणे, या गोष्टी लक्ष्मीबाई कोठेही मूल्य म्हणून मिरवीत नाहीत. त्यांची हकीकत त्या सहसा स्वतःच्या फजितीच्या अंगाने सांगतात. वडिलांच्या घरात प्रत्येक स्पर्शाचा हिशेब ठेवत वाढलेली मुलगी आता कोणाच्या स्पर्शाचा हिशेब ठेवत नाही, हे वाचकाच्याच लक्षात यावे लागते.

अनुसरणाचा आणखी एक पुरावा म्हणून 'ख्रिस्तायन'कडे बोट दाखवले जाते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले तेव्हा या महाकाव्याचे सुमारे अकरा अध्याय झाले होते. पुढचे बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. संकल्प पतीचा हे खरे. पण ज्या स्त्रीला औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते, तिने संकल्पकर्त्याच्या कितीतरी पट रचना करून तो सिद्धीस नेण्याचे काम अंगावर घेतले. येथे मागून जाणारी व्यक्ती पुढे गेलेल्या व्यक्तीला ओलांडून बरीच वाट चाललेली आहे.

६

तिन्ही पुस्तकांतील भाषेचा विचार केला तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. रमाबाईंच्या निवेदनात पती 'स्वतः' आहे. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात तो 'टिळक' आहे. पतीचे नाव न घेणाऱ्या समाजात आडनावाने का होईना, त्याला नाव मिळाले आणि तो कथेतील एक पात्र झाला. पात्र झाल्याबरोबर त्याच्यावर हसता येते, चिडता येते, त्याची चूक सांगता येते आणि त्याच्यावर प्रेमही करता येते. 'स्वतः'वर हसणे शक्य नसते. लक्ष्मीबाईंचा विनोद हा केवळ शैलीचा गुण नसून पतीपासून आणि स्वतःपासून राखलेल्या योग्य अंतराचा तो परिणाम आहे. त्या स्वतःलाही या विनोदातून वगळत नाहीत; आपले अज्ञान, हट्ट आणि भित्रेपणा यांची चित्रे त्या तितक्याच मोकळेपणाने रंगवतात. आत्मसमर्थनाची गरज नसलेले निवेदन हे मूल्य स्थिरावल्याचे एक लक्षण मानावयास हरकत नाही.

आनंदीबाईंची भाषा या दोहोंच्या मध्ये उभी आहे. त्यांच्या सांगण्यात कोकणी घरातील रोखठोकपणा आहे आणि तक्रारीला तेथे मज्जाव नाही. आपल्या पुस्तकाला त्यांनी 'पुराण' म्हटले आहे. बायकांच्या लांबलेल्या बोलण्याला 'पुराण लावले' असे जे हिणवले जाते, तो शब्द त्यांनी आपणहून शीर्षकात घेतला, आणि थोरांच्या कथेसाठी असलेले नाव आपल्या घरगुती कहाणीला देऊन टाकले.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ही आत्मकथने उत्तरायुष्यात लिहिलेली आहेत. तेव्हाच्या दृष्टीने पूर्वीच्या घटनांना आलेली संगती ही लेखनाची निर्मिती असू शकते. 'जात प्रथम गेली, धर्म नंतर बदलला' हा क्रम स्मृतीने नीटनेटका करून घेतला असेल, असे म्हणता येईल. आक्षेप रास्त आहे. परंतु प्रस्तुत प्रश्न घटनांच्या नोंदीचा जितका आहे तितकाच निवडीचाही आहे. लेखिकेने अनेक प्रसंगांतून हाच क्रम ठळक केला, वेगळ्या चुलीचे दिवस गाळले नाहीत, आपल्या प्रतिकाराची लाज बाळगली नाही. ही निवडही मूल्यनिर्णयच आहे. त्याचप्रमाणे रमाबाईंनी प्रायश्चित्ताच्या वेळचा आपला राग आणि आनंदीबाईंनी विम्याच्या पॉलिसीबद्दलची आपली नाराजी वगळली असती, तर त्यांची पुस्तके अधिक आदर्श झाली असती आणि कमी खरी.

तीन आत्मकथनांच्या या वाचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, मूल्याचे उगमस्थान परके असल्याने ते मूल्य परके ठरत नाही. त्याची परीक्षा झाली की नाही, हे निर्णायक असते. दोन, या स्त्रियांच्या बाबतीत परीक्षेचे स्थळ सभा किंवा ग्रंथ नसून चूल, पाणी, पंगत आणि घरखर्च हे आहे. म्हणून या पुस्तकांतील घरगुती तपशील हे सजावट किंवा केवळ सामाजिक इतिहासाचे साधन नसून नैतिक आशयाचे वाहक आहेत. तीन, एका व्यक्तीच्या तत्त्वनिष्ठेची किंमत जेव्हा दुसरी व्यक्ती मोजते, तेव्हा त्या निष्ठेचे मूल्यमापन किंमत मोजणाऱ्याच्या साक्षीशिवाय पूर्ण होत नाही. सुधारकांच्या चरित्रांचे वाचन त्यांच्या पत्नींच्या आत्मचरित्रांसह करणे यासाठी आवश्यक आहे. पूरक वाचन म्हणून नव्हे, तर उलटतपासणी म्हणून.

पदव्युत्तर वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवले जाते तेव्हा बहुधा त्यातील विनोदी प्रसंगांवर भर दिला जातो आणि विद्यार्थीही त्यांत रमतात. त्या प्रसंगांबरोबर वेगळ्या चुलीचे दिवसही वाचून दाखवावेत. पतीच्या घरात राहून, त्याच्यावर प्रेम करीत, त्याच्या मताला तोवर होकार न देता स्वतःच्या मताची वाट पाहणारी ही स्त्री 'स्वतः' या शब्दावर आपला हक्क सांगत होती. तो शब्द एका पिढीपूर्वी रमाबाईंनी पतीला देऊन टाकला होता. लक्ष्मीबाईंनी तो मोठ्याने मागितला नाही; पतीला त्याचे नाव परत दिले, आणि शब्द आपल्याकडे राहू दिला.